लावणारा हात

काबिरे, बोल्गाजवळ
१४ फेब्रुवारी

आबुग्रे,

खुशाली विचारत नाही. तू खुशाल आहेस हे माझ्या शेतात लावलेल्या पाटीवरच्या तुझ्या फोटोत दिसतंय. चांगला दात काढून हसतोयस.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी "अरे पण" म्हटलं की तुझं सुरू, "ताई, रेंज जातेय." आक्रासारख्या राजधानीत रेंज जाते आणि आमच्या माळावर येते, वा रे वा! हे पत्र तुमच्या ऑफिसचा ड्रायव्हर बायोर तुझ्या हातात देईल. तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं मी त्याला बजावलंय. तो दगाबा जमातीचा, आपण फ्राफ्रा. दोघांच्यात आजा-पणजापासून थट्टेचं नातं आहे, त्यामुळे तो तोंडावर काहीही बोलला तरी तुला रागवायची सोय नाही. म्हणून तर त्याला निवडला.

मावशीच्या मयताला मी माहेरी गेले होते. परत येऊन बघते तर माझ्या शेतात, बाजरीच्या धसकटांमधून, आंब्याची कलमं रांगेने उभी! प्रत्येकाच्या गळ्यात निळी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नंबर. बांधावर पत्र्याची पाटी. 'आतिपोकाचं आदर्श शेत. हिरवी साखळी प्रकल्प.' माझं नाव! अरे, जमीन तेंदाना आकोल्गोंची. भूमीचे पुजारी ते, या गावात कुणी कुठली माती कसायची हे त्यांनी ठरवायचं. आम्ही बाहेरून आलेली माणसं, त्यांनी दिली म्हणून कसतो. आणि पाटी कुणाच्या नावाची, तर माझ्या. तू त्यांच्या दारावरून धुरळा उडवत गाडी नेलीस. उतरून पाहुण्याला देतात ते पिठाचं पाणीसुद्धा त्यांच्या घरी प्यायला नाहीस.

आक्राला राहून विसरला असशील, म्हणून पुन्हा सांगते. जमीन देताना तेंदाना म्हणाले होते, "पेरा, खा, पोरं वाढवा. झाड तेवढं लावू नका." बस, एवढीच अट. बाजरी कापली की शेत पुन्हा त्यांचं होतं. झाड राहतं. ज्याने झाड लावलं त्याने मातीवर हक्क सांगितला, ही रीत आपल्या गावातही आहे आणि इथेही आहे. म्हणजे तू माझ्या नावाने गावाच्या जमिनीवर हक्क सांगून गेलास आणि मी तिकडे मावशीसाठी रडत बसले होते!

मी नवऱ्याला विचारलं, "तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

आयाम्गा म्हणाला, "बायकोचा भाऊ. बरोबर परदेशी पाहुणे. एकजण फोटो काढतोय. नाही कसं म्हणू?"

खरंय त्याचं. बायकोच्या भावाला आपल्यात नाही म्हणत नाहीत. तुला हे ठाऊक होतं आणि तू नेमका तोच धागा ओढलास.

आणि जानेवारीत? झाडांचं एवढं शिक्षण घेतलेला माणूस हरमटानच्या कोरड्या वाऱ्यात, माणसाचे ओठ फुटतात अशा दिवसांत कलमं लावतो? मी बायोरला विचारलं तर तो म्हणतो, "पावसाळ्यात रस्ता खराब असतो वहिनी, पाहुण्यांच्या कमरा मोडतात." म्हणजे झाडं पावसाच्या सोयीने नाही, पाहुण्यांच्या सोयीने लावायची!

आनाफो दुसऱ्याच दिवशी आला. तेंदानांचा पुतण्या, आमच्या शेतावर त्याचा डोळा आधीपासून आहे. पाटीवरून बोट फिरवत म्हणाला, "वा, आतिपोका! आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, नागीण आज बघितली." मी गप्प बसले म्हणजे किती झालं असेल ते तूच समज.

तेंदाना मात्र चिडले नाहीत. त्यांचा निरोप आला, "उन्हाळा पुढे आहे, मरतील. मेल्या झाडाचा दावा नसतो. नाही मेली तर ज्याने लावली त्याने येऊन उपटावी." आम्ही उपटून चालत नाही. आम्ही उपटली तर ती आम्हीच लावली होती असं कबूल केल्यासारखं होतं. हात तुझा लागला, हात तुझाच हवा.

तेव्हा ये. एका दिवसाचं काम आहे. पाटी पण घेऊन जा.

आतिपोका


काबिरे
९ मार्च

आबुग्रे,

मी तुला बोलावलं होतं. तू काय पाठवलंस? टी-शर्ट! हिरवे, छातीवर झाड. आणि तेंदानांना शिक्का मारलेला कागद!

त्यांना वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. तो वाचून दाखवायला घरात एकच माणूस, आनाफो. तो असा मजेत वाचत होता की विचारू नकोस. 'सदर झाडे ही प्रकल्पाची मालमत्ता असून त्यांना कोणीही इजा करू नये.' वाचून झाल्यावर म्हाताऱ्याने कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग मला म्हणाला, "पोरी, आतापर्यंत माझ्या जमिनीवर तुझा भाऊ होता. आता ऑफिस पण आलं?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय माझी. हे मी बायोरपुढे बोलले आणि पस्तावले. तो लगेच म्हणाला, "कुत्रं आवरायला कशाला सांगता? तुम्ही फ्राफ्रा माणसं, कुत्रं दिसलं की चुलीवर भांडंच चढवता!" त्या भरल्या अंगणात तेंदाना हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. त्या हसण्यामुळे दिवस निभावला, नाहीतर कागद त्यांनी चुलीत घातला असता आणि आम्हाला गावाबाहेर.

टी-शर्टचं सांगायचं तर एक आनाफोने घातलाय. तोच घालून रोज माझ्या बांधावरून फिरतो.

आता दुसरं ऐक. तुझी कलमं मरेनात. बोअरला रांग लागलीय, बायका हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, तेलासाठी जपलेल्या शियाच्या झाडांची पानं गळलीत, आणि तुझ्या आंब्याला तांबडी कोवळी पालवी! मला वाटलं तू काहीतरी औषध घातलंस. मग काल संध्याकाळी बघते, तर पोरांचा बाप आंघोळीच्या पाण्याची बादली घेऊन शेतात.

"अहो, हे काय चाललंय?"

तो दचकला. बादली मागे लपवायला बघत होता, एवढी मोठी बादली.

"उन्हात उभी आहेत गं," म्हणाला.

"उभी राहू देत! वाळू देत! वाळली तर आपलं शेत राहणार आहे. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. पण रोज तिथून जातो. तहानलेलं दिसतं. हात राहत नाही."

मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारची म्हातारी काठी टेकत बघायला आली. आणि ओरडता ओरडता मला रडू यायला लागलं. आबुग्रे, या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या मातीत घाम गाळलाय आणि त्याला एक रोप मरू देता येत नाही. त्याच्या हातून हे होणार हे देवाला माहीत होतं, तुला कसं माहीत नव्हतं?

आनाफोनेही ती बादली बघितली. आता गावात बोललं जातंय की आम्ही नुसती लावून घेतली नाहीत, आम्ही ती जगवतोय. पाहुण्यांनी टाकलेलं पोर म्हणून सुटता आलं असतं. आता ते आमचंच झालं.

लवकर ये. हात जोडून नाही सांगत, ओरडून सांगतेय.

आतिपोका


काबिरे
१९ एप्रिल

आबुग्रे,

काल बसले सगळे. मोठ्या बाओबाबच्या झाडाखाली. म्हातारे दगडांवर, बाकीचे उभे, आम्ही दोघं जमिनीवर.

आनाफो उभा राहिला आणि अशी काही साखर पेरत बोलला! "यांच्याशी आपलं वैर नाही. माणसं चांगली आहेत. पण झाडं लावली, पाटी लावली, ऑफिसचा कागद आणला, वर पाणी घालतात. उद्या आपल्या नातवंडांना हे सांगतील, ही आमच्या आंब्याची सावली आहे, उठा इथून."

मी उठून बोलायला गेले तर कुणीतरी मागून म्हणालं, "बाईचा नवरा आहे की समोर." नवरा समोर होता, मान खाली घालून बोटाने मातीत रेघा ओढत. मग मी बोललेच. म्हटलं, "आम्ही लावली नाहीत. आम्हाला नकोत."

"मग पाणी का घालता?"

आता माझा नवरा मऊ आहे, हे सभेत सांगू?

तेंदानांनी शेवटी निकाल दिला. हळवी बाजरी पेरायच्या आत लावणाऱ्या हाताने सगळ्यांसमोर झाडं उपटावी. नाहीतर शेत आनाफोला. आता पाहुण्याच्या जातीला शेत नसलं की गावात घर कशासाठी? हे कुणी बोललं नाही. पण घरी आल्यावर आयाम्गा भिंतीची पोपडी निघालेली जागा हाताने चाचपत होता. दरवर्षी पेरण्याआधी आम्ही ती शेणाने लिंपतो. यंदा लिंपायची की नाही, एवढंच त्याने विचारलं.

हे सगळं तुला मी फोनवर सांगितलं. आणि तू काय म्हणालास? "ताई, कायदा तुझ्या बाजूने आहे. कोर्टात जा. मी वकिलाशी बोललोय."

उंटावरून शेळ्या हाकतोस तू! कोर्ट येऊन माझ्याबरोबर बाजरी निंदणार आहे का? मी आजारी पडले तर वकील माझ्या चुलीत लाकूड सारणार आहे? उद्या माझं पोर मेलं तर खड्डा खणायला हीच माणसं लागणार, आबुग्रे. त्यांना कोर्टात उभं करून मी इथे कुठल्या तोंडाने राहू?

बायोरने मला आतली गोष्टही सांगितली, तू सांगितली नाहीस ती. जूनमध्ये परदेशातून मोजणीला माणसं येणार आहेत. जगलेलं प्रत्येक झाड हवेतला किती धूर ओढून घेतं याचा हिशोब ते करणार. बाकी गावांतली तुमची रोपं वाळून कोळ झालीत, जिवंत आहेत ती फक्त माझ्या शेतात, माझ्या नवऱ्याच्या बादलीमुळे. आणि ती दाखवून तुला साहेबाची खुर्ची मिळणार आहे. ती उपटली तर खुर्ची जाते. म्हणून रेंज जाते!

तुझ्या शास्त्राला मी नावं ठेवत नाही. पाऊस उशिरा येतो आणि आला की झोडपतो, हे मला पुस्तकातून कळायला नको. झाडं हवीत, मलाही हवीत. शेतात आपोआप उगवलेले शियाचे कोंब मी इतकी वर्षं कुदळ चुकवून वाढवतेय, कारण ते पाखरांनी आणलेले, देवाचे. त्यावर कुणी हक्क सांगत नाही, कुणी चिडत नाही. तुझ्या मोजणीत ते येत नाहीत म्हणे, कारण ते कुणी लावले नाहीत.

लिहिता लिहिता मला आपलं अंगण आठवलं. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांची जमीन तुला आणि काकांना मिळाली. तू देशभर झाडं लावतोस. बापाच्या जमिनीवर का नाही एकही लावलंस? सांग ना? मी सांगते. काका विचारतील, "हे झाड म्हणजे काय, आबुग्रे? हा तुकडा तुझा एकट्याचा?" काकांना तू घाबरतोस. म्हणजे तू विसरला नव्हतास. तुला रीत पाठ होती. स्वतःच्या अंगणात पाळलीस आणि माझ्या शेतात मोडलीस.

या पत्राला उत्तर लेखी हवं. फोन उचलणार नाही.

आतिपोका


काबिरे
२ मे

आबुग्रे,

तुझं पत्र मिळालं. चुलीपुढे बसून वाचलं, घाटा करपला. पोरांनी तसाच खाल्ला.

तू लिहितोस, 'ताई, मी विसरलो नव्हतो. रीत माहीत होती म्हणूनच लावली. आंबे तुझ्या कमरेएवढे जाड झाले की तुला तिथून कुणी हलवू शकलं नसतं. बाईच्या नावावर जमीन दुसऱ्या कुठल्या वाटेने होणार होती, सांग? पाटीवर तुझं नाव मी मुद्दाम घातलं. प्रकल्पाच्या पदराखालून मी तुला जमीन देत होतो.'

वाचून क्षणभर माझा जीव वितळला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत मला काहीतरी मिळावं असं कुणाला वाटलं होतं? आईलासुद्धा नाही. मग दुसऱ्या क्षणी असा राग आला की हातातली पळी मी भिंतीवर मारली.

मला विचारलंस? एका शब्दाने विचारलंस, "ताई, तुला हे हवंय का?" माझ्या नावाने चोरी केलीस आणि मीच घरी नसताना केलीस. ज्या म्हाताऱ्याने आम्हाला माती दिली, त्याच्याच ताटातून तू माझ्यासाठी घास उचललास. आम्ही आलो त्या वर्षी त्यांच्या घरात दोन वेळची मारामार होती, तरी त्यांच्या बायकोने मला बी दिलं होतं, तुंबा भरून. त्यांना फसवून मी आंब्याच्या सावलीत बसले असते? तुला काय वाटतं, मला ती सावली गोड लागली असती?

हो, मला जमीन हवी आहे. लिहून ठेव. लाज नाही वाटत मला हे म्हणायची. पाठ मोडेपर्यंत कसते आणि मरताना माझ्या मुलीला द्यायला मूठभर माती नाही, हा अन्याय आहे आणि मला तो रोज बोचतो. पण मला ती उघड हवी, दिवसाढवळ्या, देणाऱ्याच्या तोंडाने दिलेली. तुझ्या पदराखालची नको. न्याय करायला निघालास आणि ज्यांच्यासाठी करायचा त्यांनाच विचारलं नाहीस, हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं?

तुझी खुर्ची जाईल, मला माहीत आहे. बायोर म्हणतो, "गेली तर गेली, आमच्याकडे या, दगाबांच्या डुकरांची राखण करायला माणूस हवाच आहे." त्याला मी हसले नाही. तुला लागेल हे मला कळतं. पण तुझी खुर्ची गेली तर तू दुसरीकडे बसशील. आम्ही कुठे बसायचं?

पलीकडच्या गावात काल पाऊस झाला. मातीचा वास इथवर आला. आनाफोने कुदळीला नवा दांडा बसवलाय.

आता विनवणी नाही, धमकी नाही. आलास तर माझा भाऊ. नाही आलास तर पाटीवर जो हसतोय तो कोण, मला माहीत नाही.

आतिपोका


काबिरे
११ मे

आबुग्रे,

आलास. आभार मानणार नाही, मागूही नकोस. तुझं काम होतं, तू केलंस.

पण तू सगळा वेळ खाली वाकून होतास, म्हणून तुला दिसलं नाही ते सांगते. पहिलं कलम तू ओढलंस आणि ते येईना. आयाम्गाच्या पाण्याने मुळं खोल गेली होती. तू गुडघ्यावर बसून हाताने माती उकरायला लागलास, पांढऱ्या शर्टात. तेव्हा आनाफो हसणार होता. त्याने आजूबाजूला बघितलं. कुणीच हसत नव्हतं, मग त्याचं हसू तोंडातच राहिलं. अंगात तोच हिरवा शर्ट होता.

एक बायोर तेवढा ओरडत होता. "बघा रे, फ्राफ्रांचा डॉक्टर! आधी लावायचे पैसे, आता उपटायचे पैसे!" तो ओरडत राहिला म्हणून तुला रडता आलं नाही. त्याने ते मुद्दाम केलं, नंतर त्यानेच मला सांगितलं.

आयाम्गा बांधावर पाठ करून उभा होता. त्याला बघवत नव्हतं. तू प्रत्येक रोपाची मुळं ओल्या पोत्यात गुंडाळलीस तेव्हा मात्र तो वळला आणि येऊन पोत्याच्या गाठी बांधायला बसला. तुम्ही दोघं शेजारी बसून नुसत्या गाठी आवळत राहिलात. मला दोघांच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली आणि वाटतही नव्हती.

शेवटच्या रांगेत शियाच्या कोंबालाही तू हात घातलास, घामाच्या धारांत तुला सुचत नव्हतं. तेंदानांनी काठी आडवी धरली. "ते तुझं नाही. ते पाखराचं." एवढंच म्हणाले. मग पिठाचं पाणी मातीवर ओतलं आणि आयाम्गाला म्हणाले, "पेर." तू ते ऐकलंस, आणि गाडीत जाऊन बसलास.

तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही. सगळे उठायला लागले तेव्हा मी मोठ्याने विचारलं, "तेंदाना, मला झाड लावायचं असेल तर मी कुणाला विचारायचं?"

माणसं परत बसली. कुणीतरी म्हणालं, "झालं, ही पुन्हा सुरू!" म्हातारा रागावला नाही. म्हणाला, "पोरी, इथे तू पाहुणी. तुझ्या बापाच्या मातीला विचार. तिथली तू लेक आहेस."

लेक! आबुग्रे, मावशीच्या मयताला गेले तेव्हा मोठ्या काकांनी मला काय म्हटलं माहीत आहे? मी अंगणातल्या भिंतीला टेकले होते. म्हणाले, "भिंत नुकती लिंपलीय गं, परक्या घरच्या बायका हात लावतात आणि डाग पडतात." इथे मी बाहेरची, तिथे मी परक्या घरची. मग मी कुठली? हे तेव्हा कुणाला बोलले नाही. तुला आज सांगतेय.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. पेरणी झाली. आयाम्गाने भिंत लिंपली.

बायोर सांगतो, तुझा उपटतानाचा फोटो कुणीतरी ऑफिसात पोचवला. तुला जाब विचारलाय आणि मोजणीच्या कामातून काढलंय. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याने असंही सांगितलं, की पोत्यात गुंडाळलेली कलमं बोल्गाच्या ऑफिसमागे सावलीत पडून आहेत आणि तू त्यांच्याकडे बघत बसतोस. बघून काय होणार आहे? पाऊस आलाय. उचल ती आणि घरी ने. बाबांच्या जमिनीवर लाव. काका विचारतील, "हे काय?" तेव्हा खाली बघू नकोस. तुला मला जमीन द्यायची होती ना, तर दुसऱ्याची कशाला देतोस? तुझ्या वाट्यातली दे. काकांच्या समोर दे.

एक कलम माझ्याकडे आहे. गाठी बांधताना आयाम्गाने बाजूला काढून ठेवलं, मला न विचारता. ते फुटक्या घमेल्यात, अंगणात आहे. जमिनीत नाही, म्हणजे कुणाचा दावा नाही. रोज संध्याकाळी तो त्याला पाणी घालतो आणि माझ्याकडे चोरून बघतो, मी ओरडते का म्हणून. मी ओरडत नाही.

काकांना सांगितलंस की बायोरबरोबर निरोप धाड. मी घमेलं डोक्यावर घेऊन येते, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावातून. खड्डा तू खण. लावीन मी.

तुझी ताई,
आतिपोका